चावा बसला

नोव्हेंबरातल्या एका रात्री साडेनऊच्या सुमारास माझ्या फोनवर हे मराठी उमटलं: ‘खेळण्यावरून झालेल्या भांडणात त्याने हातावर चावा घेतला. मी त्याला थांबवू शकलो नाही. कृपया मला माफ करा.’

मजकूर माझ्या मुलाच्या पाळणाघरातल्या बाईंचा होता. मी तोक्योच्या एदोगावा भागात राहते, तोझाई लाइनवरच्या निशी-कासाई स्टेशनच्या बाजूला. इथं स्टेशनाबाहेर दहा मिनिटं उभं राहिलं तर एखादा तरी माणूस मराठीत फोनवर बोलत जाताना दिसतो. इथल्या पाळणाघरांत एक वही असते, ‘रेनराकुचो’, म्हणजे निरोपांची वही. सकाळी आईवडिलांनी लिहायचं: ताप किती, झोप किती, काय खाल्लं. संध्याकाळी बाई लिहितात: दिवसभर काय झालं. आता बरीच पाळणाघरं अ‍ॅपवर गेली आहेत, आमचं अजून बॉलपेनवर आहे.

त्या दिवशी मुलाला आणायला नवरा गेला होता. मी घरी पोचले तेव्हा पोरगं सर्दीनं मलूल होऊन, आंघोळीशिवाय, स्वेटरसकट झोपलेलं. मी वही उघडली, पानाचा फोटो काढला. इथं विकत घेतलेल्या फोनच्या कॅमेऱ्याचा ‘खचाक’ बंद करता येत नाही. (चोरून फोटो काढणाऱ्यांना आळा बसावा म्हणून कंपन्यांनी आपणहून पाळलेला हा संकेत. कायदा असा काही नाही.) त्या आवाजानं मुलगा कुशीवर वळला. मग मराठी उमटलं, आणि माझं डोकं बधिर झालं. आपल्या पोरानं दुसऱ्याच्या पोराला चावा घेतला, आणि बाई बिचाऱ्या त्याबद्दल स्वतः माफी मागताहेत.

सकाळी मी पाहुण्यांसाठी आणून ठेवलेला बिस्किटांचा खोका कागदात गुंडाळला, ‘मोशिवाके आरिमासेन’ दहा वेळा पुटपुटून घेतलं आणि दारातच कमरेत वाकले. बाई गोंधळल्या. त्या माझ्यापेक्षा खाली वाकल्या. मी आणखी खाली. आम्ही दोघी एकमेकींची माफी मागत होतो आणि कुणालाच कळत नव्हतं की ती का मागितली जातेय. शेवटी बाईंनी माझ्या मुलाची बाही वर केली. दंडाच्या खाली, समोरासमोर ठेवलेल्या दोन चंद्रकोरींसारख्या, बारीक दातांच्या निळसर खुणा.

चावा माझ्याच मुलाला बसला होता. बाईंनी आदल्या दिवशी नवऱ्याला हे तोंडी सांगितलंही होतं, तो सगळ्याला ‘हाय, हाय’ म्हणत मान हलवून आला होता. सकाळी त्याला डाग दिसला, तर कुठंतरी आपटला असेल असं वाटलं. आणि मी? रात्री साडेनऊपासून सकाळी साडेआठपर्यंत त्या फोनवरचं वाक्य मी निदान दहा वेळा वाचलं होतं. मुलाच्या हाताकडे एकदाही पाहिलं नव्हतं.

हा किस्सा मी बऱ्याच जणांना सांगितला आणि सगळे हसले. मीही हसले. पण मला साहित्याची, त्यातही अनुवादांची सवय आहे. एखाद्या कादंबरीच्या मराठी अनुवादात असा घोटाळा निघाला असता तर आपण पानभर लिहिलं असतं. मूळ वाक्य काय होतं, अनुवादकाचा पाय कुठं घसरला, का घसरला. परदेशात राहणारा माणूस आयुष्यात वाचेल त्या सगळ्या अनूदित कादंबऱ्यांपेक्षा जास्त अनुवाद एका वर्षात फोनवर वाचतो. दुधाच्या खोक्यावरचा, औषधाच्या पुडीवरचा, वॉर्ड ऑफिसच्या पत्रातला. त्यावर कुणी समीक्षा लिहीत नाही. ज्या देशात २००७ साली सर्वाधिक खपाच्या दहा कादंबऱ्यांपैकी पाच मुळात मोबाइलवर लिहिल्या आणि वाचल्या गेल्या होत्या, आणि याला साहित्य म्हणायचं का यावर तिथल्या समीक्षकांनी वादही घातले, तिथं बसून फोनच्या पडद्यावरच्या गद्याला वाचनात न धरणं मला तरी पटत नाही. म्हणून हे.

मूळ वाक्य मी नंतर ऑफिसातल्या एका जपानी मैत्रिणीकडून वाचून घेतलं. ‘ओमोच्या नो तोरिआइ दे, उदे नि कामित्सुकि गा आरिमाशिता. तोमेरारेझु, मोशिवाके आरिमासेन देशिता.’ शब्दाला शब्द ठेवला तर: खेळण्याच्या ओढाताणीत, हाताला चावा झाला. थांबवता न येऊन, सांगायला सबब नाही.

यात ‘तो’ कुठं आहे? नाहीच. ‘मी’ही नाही. कोण चावलं, कुणाला चावलं, कोण थांबवू शकलं नाही, काही लिहिलेलं नाही. हा बाईंचा गबाळेपणा नव्हे. इथल्या बऱ्याच पाळणाघरांत चावणाऱ्या मुलाचं नाव दुसऱ्या पालकांना सांगत नाहीत. दोन वर्षांची मुलं चावतात, शब्द अजून आलेले नसतात म्हणून दात वापरतात, आणि ते होऊ न देणं हे सांभाळणाऱ्यांचं काम, अशी त्यामागची समजूत. म्हणून चावा ‘होतो’, आणि माफी पाळणाघर मागतं. माझ्या वहीत निरोप आला म्हणजे चावा माझ्या मुलाला बसला, हे वही ज्या घरी गेली त्यावरून समजायचं. वाक्यातून कर्ता मुद्दाम काढून घेतलेला आहे. ती जागा रिकामी ठेवण्यात सौजन्य आहे, दुसऱ्या एका दोन वर्षांच्या पोराची आणि त्याच्या आईची राखलेली अब्रू आहे.

आता हे वाक्य इंग्रजीतून जाऊ द्या. जपानी आणि मराठी असा थेट शेजारी शेजारी ठेवलेला मजकूर जगात फार थोडा, त्यामुळे अशा जोड्यांमधलं यांत्रिक भाषांतर बहुतेकदा इंग्रजीच्या मुक्कामी थांबून पुढे जातं. इंग्रजीत क्रियापदाला कर्ता लागतोच, आणि पावसालासुद्धा एक सर्वनाम जोडावं लागतं. रिकामी खुर्ची यंत्राला सहन होत नाही. त्यानं तिच्यावर ‘तो’ बसवला. मुलाच्या वहीत ‘तो’ म्हणजे कोण, हे कुठल्याही आईला विचारा.

मला खरी चुटपूट लागते ती पुढच्या गोष्टीची. मराठीला हे वाक्य येत होतं. अगदी जसंच्या तसं येत होतं. ‘खेळण्यावरून ओढाताण झाली, हाताला चावा बसला.’ आपल्याकडे मार बसतो, ठेच लागते, भूक लागते, राग येतो, कप फुटतो. अगदीच अंगाशी आलं तर ‘माझ्याकडून राहून गेलं’ असं म्हणून आपण स्वतःला वाक्याच्या कडेला नेऊन उभं करतो. क्रियापद शेवटी, नामाला मागून चिकटणारे प्रत्यय, सर्वनाम न उच्चारता भागवणं, माणूस पाहून क्रियापदाचं रूप बदलणं: जपानी शिकताना मराठी माणसाला जागोजागी ओळखीचं भेटतं. शिकवणाऱ्या बाई इंग्रजीतून तासभर समजावत होत्या ते मला ‘अरे, हा तर आपला ला प्रत्यय’ म्हटल्यावर मिनिटात कळलं होतं. (सगळीकडे जमत नाही. पण जिथं जमतं तिथं फार जमतं.) एकाच आळीत राहणाऱ्या दोन घरांनी एकमेकांना वाटीभर आमटी पाठवावी आणि ती चार गल्ल्या फिरून, पाणी होऊन पोचावी, असं हे भाषांतर आहे.

आणखी एक बारीक गोष्ट, जी मी तेव्हाच पाहायला हवी होती. ‘मी त्याला थांबवू शकलो नाही.’ शकलो! बाई आहेत त्या. जपानी क्रियापदाला लिंग नसतं, इंग्रजीलाही नाही, मराठीत आल्यावर यंत्राला लिंग ठरवावंच लागतं आणि ते नेमानं पुरुष ठरवतं. हे मला इतकं अंगवळणी पडलंय की मी वाचता वाचताच ‘शकलो’चं ‘शकले’ करून घेते. चूक दिसते, मी ती मनात दुरुस्त करते, आणि आपण दुरुस्त करून वाचतोय म्हणजे आपण जागे आहोत असं समजते. छोट्या चुका पकडल्याच्या समाधानात मोठी चूक सुटते. हातानं केलेल्या अनुवादाची प्रुफं वाचणाऱ्या कुणालाही हा धोका ठाऊक असेल.

हातानं अनुवाद करणारा माणूस अडखळतो, आणि ते अडखळणं कुठंतरी दिसतं. तळटीप येते, वाक्य लांबतं, कधी मूळ शब्दच ठेवलेला असतो. फोनचं भाषांतर कधीच अडखळत नाही. कचरा टाकायचे वार आणि मुलाला बसलेला चावा, दोन्ही एकाच टंकात, एकाच स्वरात. बाईंनी ते वाक्य लिहिताना एक शब्द खोडून पुन्हा लिहिला होता, वहीत अजून दिसतो. तिथं त्या थांबल्या होत्या. फोनवर तो थांबा आलाच नाही.

तरी या गद्याला त्याची अशी एक गंमत आहे, ती नाकारणं अप्रामाणिक होईल. जपानीत समोरच्याला ‘तुम्ही’ म्हणणं शक्यतो टाळतात, नात्यानं किंवा हुद्द्यानं हाक मारतात. मी बाईंसाठी ‘अमक्याची आई’ आहे, म्हणजे नुसती ‘ओकासान’. आपल्या शाळेच्या फाटकापाशीही हेच चालतं. एकदा मी आजारी होते तेव्हा त्यांनी लिहिलं होतं की आईंनी निवांत विश्रांती घ्यावी. फोननं मला दाखवलं: ‘आई, कृपया हळूहळू विश्रांती घे.’ माझ्यापेक्षा वयानं मोठ्या बाई मला आई म्हणताहेत आणि वर अरे-तुरे करताहेत. मी तापात खूप हसले, आणि थोडी रडलेही. ते पान मी जपून ठेवलंय. भाषांतर म्हणून ते चुकीचं आहे आणि मला दुसरं नको आहे.

नावाचं मात्र हसू येत नाही. इथं फोनचं कनेक्शन घेताना निवासाचं कार्ड दाखवावं लागतं, ओळख पटवण्याचा कायदा २००५चा आहे. कार्डावर नाव रोमन लिपीत, अर्जावर काताकाना लिपीत. काताकानात जोडाक्षर नाही, ल आणि र एकच, व चा बहुतेकदा ब. कुलकर्णींचं ‘कुरुकारुनी’ होतं. त्यात आपल्या पासपोर्टावर स्वतःच्या नावाला जोडून वडिलांचं नाहीतर नवऱ्याचं नाव. जपानी अर्जात दोनच रकाने, आडनाव आणि नाव. वडील कुठल्या रकान्यात बसवायचे? एका दुकानात ते नावात जातात, बँकेत आडनावाच्या शेपटीला, तिसऱ्या ठिकाणी अक्षरं संपल्यामुळे अर्धेच. मग फोनवर बँकेचं अ‍ॅप उघडलं की लाल अक्षरांत येतं, नाव जुळत नाही. माझ्या ओळखीत एक काळे आहेत. त्यांचा ळ कुठल्याच जपानी अक्षरात मावला नाही आणि एका अर्जावर त्यांचं ‘कारे’ झालं. जपानीत ‘कारे’ म्हणजे ‘तो’. मराठीत काय ते तुम्हीच म्हणून पाहा.

म्हणजे यंत्र जिथं नको तिथं ‘तो’ घालतं, आणि ज्याला नाव आहे त्याचाही ‘तो’ करतं.

परदेशी माणसाचा परकेपणा आज मला अशा जागी सापडतो. रस्त्यात नाही. रस्त्यात नकाशा आहे, जेवणाचं चित्र आहे, गाडीची वेळ आहे. मराठीत परदेशावर लिहिण्याची परंपरा मोठी आणि लाडकी. पुलंच्या ‘पूर्वरंग’मध्ये जपान आहे, आणि आमच्या घरात ते पुस्तक इतकं वाचलं गेलं की पुठ्ठा सुटला. पण ती परंपरा पाहुण्याची आहे. पाहुण्याला त्या देशातली माणसं भेटतात, देवळं भेटतात, फजिती होते, ती रंगवून सांगता येते. आजचे जपानवरचे मराठी व्हिडिओ पाहा: स्वच्छ रस्ते, वेळेवर येणारी गाडी, शाळा झाडणारी मुलं. तोच पाहुणा, हातात काठीवरचा फोन. पाहुण्याला निरोपांची वही मिळत नाही. ती राहणाऱ्यालाच मिळते. राहणाऱ्याचं जपान हे फार करून कागदांचं आणि सूचनांचं बनलेलं असतं, आणि त्या गद्याबद्दल आपल्याकडे जवळजवळ काही लिहिलेलं नाही. इथं राहून लिहिणाऱ्यांनीही, मीसुद्धा, पहिले लेख चेरीच्या फुलांवरच लिहिले.

आणि दोन्हीकडचे हिशेब वेगळेच. पुण्याहून आणलेला माझा अँड्रॉइड फोन इथल्या स्टेशनाच्या फाटकाला टेकवून चालत नसे, कारण फाटकाला लागते ती फेलिका चिप जपानबाहेर विकलेल्या बहुतेक अँड्रॉइड फोनांत नसते. उलट २०२३च्या जानेवारीत परदेशी नंबरावर यूपीआय वापरायला परवानगी मिळालेल्या दहा देशांची यादी निघाली, तीत जपान नव्हता. गंमत म्हणजे मंडईतल्या भाजीवाल्याच्या गाड्यावर लटकणारा क्यूआर कोड १९९४ साली जपानमध्येच, डेन्सो कंपनीत, गाड्यांच्या सुट्या भागांचा हिशेब ठेवायला जन्मला. तो तिकडे पोचला, मी इकडे, आणि आमची गाठ पडत नाही. असो.

खरा प्रश्न मी स्वतःला बरेच दिवस विचारला नव्हता. पाच वर्षं इथं राहून मला ती दोन ओळींची वही का वाचता आली नाही? परीक्षेची खालची पायरी, एन-४, मी दुसऱ्याच वर्षी ओलांडली होती. त्या वाक्यातले निम्मे शब्द मला येत होते. ‘कामु’ म्हणजे चावणं, येत होतं. ‘गा आरिमाशिता’ म्हणजे ‘होतं, झालं’, हा तर पहिल्या महिन्यातला धडा. पण मी वहीकडे पाहिलंच नाही, तिच्यावर फोन धरला. फोन नसता तर मी ते पान घेऊन शेजारणीकडे गेले असते, लाजत, मोडक्यातोडक्या भाषेत, आणि तिनं वाचता वाचता तोंडावर हात ठेवून आधी विचारलं असतं: मुलाचा हात कसा आहे?

फोनची बाजूही मांडायला हवी. तो नसता तर पहिल्या वर्षी मी औषधाची पुडीसुद्धा उघडली नसती. आणि एक मजकूर असा आहे की जो फोनच देऊ शकतो आणि ज्याला भाषांतर लागत नाही. २००७च्या ऑक्टोबरपासून इथं भूकंपाचा धक्का पोचायच्या काही सेकंद आधी सगळ्यांना इशारा दिला जातो. आता तो फोनवर येतो. तोझाई लाइनच्या डब्यात एकदा सगळे फोन एकदम किंचाळले आणि एक बाईचा आवाज म्हणाला, ‘जिशिन देसु.’ भूकंप आहे. दोन शब्द. डब्यातल्या प्रत्येकानं एकाच क्षणी दांडी धरली, मीही.

भूकंपावरूनच आठवलं. १९९५ साली कोबे भागात मोठा भूकंप झाला तेव्हा जपानी नीट न येणाऱ्या परदेशी लोकांना सूचना कळल्या नाहीत. जपानीतून नाहीत आणि इंग्रजीतूनही नाहीत, कारण सगळ्या परदेशी लोकांना इंग्रजी येतं हा आणखी एक गैरसमज. त्यानंतर हिरोसाकी विद्यापीठातल्या अभ्यासकांनी सूचनांसाठी एक साधी जपानी घडवली: छोटी वाक्यं, रोजचे शब्द, अवघड चित्राक्षरांवर उच्चार. तिचं नाव ‘यासाशी निहोंगो’. ‘यासाशी’ म्हणजे सोपं, आणि वेगळ्या चित्राक्षरांनी लिहिलं तर मायाळू.

बिस्किटांच्या प्रकारानंतर आमच्या बाईंनी तसं लिहायला सुरुवात केली. त्यांना कुणी सांगितलं होतं की त्यांनीच ठरवलं, मी विचारलं नाही. आता वहीत चित्राक्षरं जवळजवळ नसतात. हिरागाना लिपी, शब्दाशब्दांत जागा सोडलेली (जपानीत एरवी सोडत नाहीत), अक्षरं मोठी. त्यांना लिहायला जास्त वेळ लागत असणार. बावीस मुलांच्या वह्या असतात. मला वाचायला वीस मिनिटं लागतात, बोट ठेवून, तोंडानं उच्चारत, मुलगा शेजारी बसून माझे उच्चार सुधारतो. फोन जवळ असतो, पण कोशापुरता, एकेक शब्द.

परवाची ओळ अशी: ‘क्यो वा निन्जिन ओ ताबेमाशिता.’

आज गाजर खाल्लं. पाहा, मराठीतही कर्ता आला नाही, क्रियापदही गाजराच्या मागून गेलं. पण आमचा मुलगा गाजर खात नाही. ताटातलं एकेक वेचून काढतो. मी त्याला विचारलं, ‘गाजर खाल्लंस?’

त्यानं बराच वेळ विचार केला. मग म्हणाला, ‘ताबेता.’ खाल्लं. कुणी, ते सांगितलं नाही.